मेंदी आणि विटकरी

मला रंग फार चांगले दिसतात, आणि याचा मला आयुष्यभर थोडा संकोच वाटत आला आहे. आता दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालीत, तरी शेजारच्या मुली साडी घ्यायला निघाल्या की मला बरोबर नेतात. "हा आणि हा एकच ना, आजी?" असं विचारतात. मी म्हणते, एक कसा, याच्यात निळा थेंबभर जास्त पडलाय. दुकानदार माझ्याकडं बघत राहतो. सोलापूरच्या रंगखान्यात राहिले म्हणून डोळा तयार झाला, असं लोकांना वाटतं आणि मीही तसंच वाटू देते. खरं तर हे डोळे मी कमावले नाहीत. ते नुसते मिळाले. मिळणं म्हणजे नेमकं काय, हे मात्र मला सोलापुरातच कळलं, आणि ते कळल्यावर मी पुन्हा पहिल्यासारखी राहिले नाही.

माझे बाबा किनवटच्या पुढं, सागाच्या जंगलाला लागून असलेल्या एका आरा गिरणीवर कामाला होते. ते गेले तेव्हा मी सातवी अर्धी सोडून दोनेक वर्षं झाली होती. आई मामाकडं राहायला गेली, पण मामाच्या घरात एकाच माणसाला जागा होती. तेव्हा काका आले. बाबांचे धाकटे भाऊ, ज्यांना मी त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं. दारातच उभं राहून म्हणाले, "वहिनी, पोरीला मी नेतो. लगीन करून देतो चांगल्या घरात." आईनं माझं पत्र्याचं खोकं बांधलं. दोन एसट्या आणि एक रेल्वे बदलून आम्ही सोलापुराला पोचलो, आणि त्या सगळ्या वाटेत काका माझ्याशी बोलले ते एवढंच, "भूक लागली का?" तीनदा विचारलं, तिन्हीदा काहीतरी घेऊन दिलं. त्या घरात मी साडेतीन वर्षं जेवले. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढं जे लिहायचंय ते वाचताना कुणी हे विसरू नये. मीही विसरू नये.

काकांचं घर साखर पेठेच्या मागच्या बोळात होतं. खाली रंगखाना, मागं अंगण, वर दोन खोल्या. आसपासचे मागवाले पांढऱ्या सुताच्या लडी आणून टाकायचे. काका त्या रंगवून, वाळवून, रंगवार बांधून परत द्यायचे. अंगणात आडव्या बांबूंवर ओल्या लडी टांगलेल्या असायच्या, लांब केसांच्या वेण्यांसारख्या, आणि खालची फरशी कधीच एका रंगाची नसायची. बोळातल्या गटारीवरून आज कुणाचा माल शिजतोय ते कळायचं. तिन्ही बाजूंनी मागांची खटखट. पहिले काही दिवस पहाटे अर्धवट जागेत मला ती बाबांच्या गिरणीतली करवत वाटायची. काकांची नखं कायमची जांभळी. ज्वारीच्या कडक भाकरीवर शेंगदाण्याची चटणी घेऊन ते तेलाची धार सोडायचे तेव्हा मी त्या नखांकडं बघत बसायची. माझ्याकडं बाबांची अशी अंगावर उरलेली काहीच खूण नव्हती. आम्ही तिकडं भात आणि अंबाडीची भाजी खाणारी माणसं. इथं भात सणाला. मी कधी तसं बोलून दाखवलं नाही. दुसरी भाकरी घेताना मी अजूनही आजूबाजूला बघते, ती सवय तिथली.

घरात काका, काकू, आणि काकांची बहीण, म्हणजे माझी आत्या. आत्या विधवा होऊन मुलाला घेऊन माहेरी आली होती. मुलाचं नाव दिगू, तेव्हा तेराएक वर्षांचा. काकांना दोन मुलीच, दोघी सासरी. त्यामुळं रंगखाना पुढं दिगूकडं जाणार असं धरून चाललं होतं, आणि आत्या त्या एका आशेवर काकूचं सगळं बोलणं गिळायची. माझं काम वाळलेल्या लडी उतरवायचं, झटकायचं, छटेवार लावायचं. पहिल्याच आठवड्यात काका माझ्यामागं येऊन उभे राहिले. मी लावलेली लाल लडींची रांग बघितली, डाळिंबीपासून रक्तवर्णीपर्यंत. "हितं कुणी शिकवलं तुला?" मी म्हटलं, कुणी नाही. ते वळून भट्टीकडं गेले. मला वाटलं, चुकलं काहीतरी.

बाबांचं नाव त्या घरात कुणी घेत नसे. काकूनं एकदा भांडी घासताना सांगून टाकलं. "तुझा बाप हितलाच की. थोरला ल्योक. रंगखाना त्याचाच व्हायचा. पर एका लग्नसराईला सगळा माल उलटा बांधून दिला. हिरव्या मेंदीच्या गठ्ठ्यात विटकरी, विटकरीत मेंदी. विणकरांनी दारात आणून आपटला. दुसऱ्या रंगखान्याकडनं पैसं खाल्लं म्हनत्यात. मामंजींनी त्याच दिवशी बाहेर काढला." मी विचारलं, बाबा काय म्हणाले? काकू म्हणाली, "काय म्हनंल? चोराला तोंड असतंय व्हय?" मी भांडी विसळत राहिले. आमच्याकडं बाबा झाडावरच्या बोरांपाशी मला खांद्यावर घ्यायचे आणि विचारायचे, "इंदे, पिकलेलं कुठलं ते तू सांग." मला वाटायचं, माझं कौतुक म्हणून विचारतात. एकदा बाजारातून माझ्यासाठी लाल रिबन आणली म्हणून हसत हसत दिली. ती शेवाळी होती. आईनं मला डोळ्यानं खुणावलं, आणि मी म्हटलं, छान आहे लाल.

वरच्या दुसऱ्या खोलीत बाई भाड्यानं राहायच्या. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या, पुण्याच्या, एकट्या, पस्तिशीच्या. दिवसातून सात वेळा कोरा चहा पिणारी आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसणारी बाई मी तोपर्यंत पाहिली नव्हती. सुट्ट्यांत कॉलेज बंद, म्हणून त्यांनी आपल्या माश्या घरी आणल्या होत्या. पिकलेल्या केळ्यावर घोंगावतात त्या बारक्या माश्या, दुधाच्या बाटल्यांत, कापसाचा बोळा लावून. काकूनं कपाळाला हात लावला, "माश्या पाळतीया! न्हवरा पाळायचा सोडून." मी चहाची साखर द्यायला वर गेले आणि तिथंच अडकले. बाई बाटलीत औषधाचा बोळा धरून माश्या गुंगवायच्या, पांढऱ्या फरशीवर पसरायच्या आणि भिंगातून एकेकीचे डोळे बघायच्या. काहींचे लाल, काहींचे पांढरे. "तू बघ बरं," म्हणाल्या. मी भिंगाशिवायच वेगळ्या करून दिल्या. बाईंनी तपासल्या आणि माझ्याकडं असं बघितलं की मला त्या गावात आल्यापासून पहिल्यांदा आपण कुणीतरी आहोत असं वाटलं.

त्यानंतर दुपारची कामं उरकली की मी वर. बाई मोजायच्या, मी वेगळ्या करायची, आणि त्या सांगत राहायच्या. पांढऱ्या डोळ्याचा नर, लाल डोळ्याची मादी. पिल्लं सगळी लाल डोळ्यांची. "संपलं ना पांढरं?" बाई विचारायच्या. मी म्हणायची, संपलं. "थांब." मग त्या पिल्लांतल्या मुलींना पिल्लं झाली, आणि त्यांच्या मुलग्यांत निम्म्यांचे डोळे पुन्हा पांढरे. मला ते जादूसारखं वाटलं. मुलींच्या डोळ्यांत तर काहीच दिसत नव्हतं! बाई म्हणाल्या, "मुली दाखवत नाहीत. नेतात फक्त. बापाकडून घेतात, मुलाला देतात, आणि स्वतः छान लाल डोळ्यांनी बघत असतात." जे नेतात त्याला जनुक म्हणतात, हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

एकदा त्या म्हणाल्या, "आपण समजतो की माशी आणखी माश्या करण्यासाठी जनुकं वापरते. हल्ली काही लोक उलटं बघायला लागलेत. ते म्हणतात, जनुक आणखी जनुकं करण्यासाठी माशी वापरतं. माशी चार-सहा आठवड्यांची. जनुक लाखो वर्षांचं." मी विचारात पडले. मग मला समोरच्या मागावरची जकार्डची माळ आठवली. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांब माळ मागावर फिरते, आणि भोकांप्रमाणं चादरीवर मोर उठतो. चादरी विकल्या जातात, वापरून फाटतात. पुठ्ठा झिजला की त्याच्यावरून दुसरा पाडतात. आणि एका पुठ्ठ्यात भोक चुकलं तर प्रत्येक चादरीत मोराचा डोळा त्याच जागी चुकतो. मी हे अडखळत सांगितलं. बाईंनी कप खाली ठेवला. "इंदू, हे मी वर्गात सांगणार." मला आनंद व्हायला हवा होता. पण मी विचारलं, "मग चादरीचं काय, बाई?" त्यांनी कप पुन्हा उचलला. "चादरीचं कोणी काही ठरवलेलं नसतं," म्हणाल्या. त्या दिवशी खाली उतरताना मला जिना नेहमीपेक्षा उंच वाटला. आधीच मी घरापासून इतकी लांब. आता वाटायला लागलं की जिला मी 'मी' म्हणते तीही भाड्यानं राहणारी, आणि मालकाला माझं नावही माहीत नाही. आई मला जवळ घ्यायची ते काय होतं मग? बाई म्हणाल्या होत्या, आई मुलाला जपते, बहीण भावाला जपते, त्यात जनुक आपलीच दुसरी प्रत जपत असतं. आईचं पत्र वर्षातून दोनदा यायचं, पोस्टमास्तरनं लिहिलेलं, म्हणून त्यात आईचा आवाजही नसायचा. ते मी उशाखालून काढलं आणि पुन्हा ठेवून दिलं.

दिगूचं मला कळलं ते यानंतर लगेचच. तो भट्टीवर कधी चुकत नसे. कुठल्या कढईत काय शिजतंय ते लांबूनही सांगायचा. पण वाळलेल्या लडी उतरवायला लावलं की मेंदी आणि विटकरी, विटकरी आणि मेंदी. मी होते म्हणून बरेचदा गुपचूप नीट करून ठेवायची. तरी काकांच्या हाती चूक लागायचीच, आणि मग ते त्याला मारायचे. काका रागीट नव्हते. पण दिगूला मारताना त्यांचा चेहरा वेगळाच व्हायचा, आणि तोंडातून एकच निघायचं, "थेट थोरल्या मामावर गेलाय!" शेवटच्या वेळी त्यांनी आत्याला बजावलं, "आक्का, आणखी एकदा चूक झाली तर ह्याला हितं ठेवायचा न्हाय. कुटंबी जा घिऊन." आत्याला जायला कुठंच नव्हतं.

एका दुपारी मी अंगणात आले तर दिगू बांबूपाशी एकटा. एक वाळलेली लड हातात घेतली, इकडंतिकडं बघितलं, आणि नाकाला लावली. हुंगली. मग दुसरी हुंगली. माझे बाबा टोमॅटो असे हुंगायचे. करवंदं हुंगायचे. आईचं कुंकू संपलं म्हणून आणायला गेले की पुडी उघडून हुंगायचे. मी जवळ जाऊन विचारलं, "दिगू, ही कुठल्या रंगाची?" तो दचकला. मग कुजबुजला, "ताई, वली असली की वास येतोय. वाळल्यावर समदा वास जातोय. मग दोनी सारख्याच दिसत्यात. तुला नाय दिसत सारख्या?" मी म्हटलं, नाही. त्यानं माझा हात धरला. "कुनाला सांगू नगं. मामा मला येडा म्हनंल."

मी पायऱ्या चढून वर गेले आणि बाईंना विचारलं, माणसात असतं का असं? पांढऱ्या डोळ्यांसारखं, रंग न दिसणारं? बाईंनी मान डोलावली. अगदी तसंच जातं, म्हणाल्या. बापाकडून मुलीकडं, मुलीकडून मुलाकडं. मग मी बोटावर मांडलं. आजीकडून बाबांना आलं. आजीकडून आत्याला आलं, आत्याकडून दिगूला. काका त्याच आईचे, पण त्यांना आलं नाही. नाणं उलटं पडलं एवढंच. एका भावाला रंगखाना मिळाला आणि एकाला जंगल. "आणि बापाला असेल तर मुलीला?" मी विचारलं. बाईंना तोपर्यंत समजलं होतं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "मुलीला असतंच, इंदू. दिसत नाही, पण असतं. तिच्या प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता." मी म्हटलं, बाबा चोर नव्हते. त्या म्हणाल्या, "नव्हते." मी खूप रडले. आनंद कुठला आणि भीती कुठली ते मला तेव्हा वेगळं करता आलं नाही.

भीती अशासाठी की माझं लग्न ठरत आलं होतं. अक्कलकोट रस्त्याकडचं घर, तेही रंगवाल्यांचंच. मुलगा डाइंग मास्तर. काकांनी त्यासाठी चार महिने चपला झिजवल्या होत्या. आमच्या लोकांत तेव्हा मुलगी बघायची एक रीत होती. पोह्यांच्या आधी मुलीसमोर वाळलेल्या लडींची टोपली ठेवायची आणि तिनं त्या फिक्यापासून गडदापर्यंत लावून दाखवायच्या. लग्नानंतर तिला तेच करायचं असे, म्हणून. किती पिढ्या हे चाललं असेल, असा विचार केला की हसू येतं आणि येतही नाही: आमच्या माणसांनी मुलींचे डोळे तपासले, जिथं रंग न दिसणं सहसा सापडणारच नव्हतं. मुलग्यांना मात्र कुणी टोपली दिली नाही. त्यांना नुसता मार दिला.

पाहुणे आले तो दिवस रविवारचा. मुलाचे वडील, आई, आणि एक कानडी हेल काढून बोलणारी मावशी. मुलगा आला नव्हता. बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकली होती. मी खाली मान घालून बसले. काकांनी आतल्या बाजूला हाक दिली, "दिगू, टोपली आन!" ती टोपली मी सकाळीच लावून ठेवली होती, सगळ्या विटकरी छटा. पण दिगूच्या हातून ती दारात सांडली असणार, आणि त्यानं घाईघाईत खालच्या लडी उचलून भरल्या. टोपली समोर आली तर विटकरीत तीन लडी मेंदीच्या. मावशी खळाळून हसली. "अय्य, हे काय ओ? पोरीची परीक्षा घेताय का आमची?" मी त्या तीन लडी बाजूला काढल्या, बाकीच्या पटापट लावल्या. मुलाची आई म्हणाली, "डोळा लई चोख हाय की पोरीचा!" मावशी म्हणाली, "हिच्या पोरांना तर छटा पाळन्यात दिसतील बघा." सगळे हसले. काका मघाशीच उठून आत गेले होते. तेवढ्यात आतून मारल्याचा आवाज आला. भट्टीतला माल ढवळायची काठी काकांनी घेतली होती.

मी उठले. मुलगी बघायला आले असताना मुलीनं उठायचं नसतं, एवढंही मला आठवलं नाही. आतल्या दारात दिगू हात डोक्यावर घेऊन बसला होता आणि काका म्हणत होते, "नीघ! आत्ताच्या आत्ता नीघ, आईला घिऊन!" मी मध्ये उभी राहिले. "काका, त्याला दिसत नाही," म्हटलं. "मेंदी आणि विटकरी त्याला एकच दिसतात. जन्मापासून. बाबांनाही दिसत नव्हतं." काठी तशीच वर राहिली. आत्या चुलीपाशी उभी होती. ती म्हणाली, "जन्मापासनं? म्हंजी माझ्यातनं आलं त्याला?" हे असं तिला लागेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत मागून मुलाच्या वडिलांचा आवाज आला. ते दारापर्यंत आले होते. "म्हंजी रक्तात हाय म्हना की." मग सावकाश, चांगल्या माणसाच्या आवाजात त्यांनी मला विचारलं, "आन् बाळ, तुझं काय?"

माझे डोळे चांगले आहेत, असं म्हणता आलं असतं. ते खरंच होतं. आत्ताच त्यांनी बघितलं होतं. मी काकांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. मी म्हटलं, "मला दिसतं. पण माझ्यात आहे. माझ्या मुलांना दिसेल की नाही, सांगता येत नाही."

पोहे तसेच राहिले. माणसं सभ्य होती, पाणी पिऊन गेली.

मी त्या वेळी का बोलले, हे मी इतक्या वर्षांत पुष्कळदा स्वतःला विचारलंय. बाईंच्या सांगण्याप्रमाणं बघितलं तर दिगूत आणि माझ्यात आजीकडून आलेली एकच गोष्ट होती, आणि तीच माझ्या तोंडून स्वतःच्या दुसऱ्या प्रतीसाठी ओरडली असेल. मग माझा कळवळा माझा होता का? पण हे पटत नाही, कारण त्याच दमात मी तिची पुढची वाट बंद करून टाकली. माझं लग्न त्यानंतर जमलं नाही. आमच्या लोकांत गोष्ट पसरली, आणि पुढं मीच नको म्हटलं. आजीकडून आलेलं ते माझ्यापाशीच थांबलं. मी बाईंना एकदा म्हटलं होतं, मग तुमच्या जनुकानं माझ्याकडून असं कसं करून घेतलं? त्या म्हणाल्या, "जनुकं विचार करत नाहीत ग. ती फक्त उरतात. विचार करायला आपणच असतो, तेवढ्यापुरते." तेवढ्यापुरते. हे शब्द तेव्हा मला फार एकटे वाटले. आता त्यांची सवय झाली आहे, आणि कधीकधी त्यांचा आधारही वाटतो.

काका दहा-बारा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ज्या माणसानं तीन वर्षं खाऊ घातलं त्याचं घर मी परक्यांसमोर उघडं केलं होतं, आणि मला वाटायचं, आता माझंही खोकं बांधायला सांगतील. दिगूला मात्र काढलं नव्हतं. तो खाली मान घालून भट्टीवर काम करायचा, आणि वाळलेल्या लडींना त्याला कुणी हात लावू देत नव्हतं. काकांनीच तसं सांगितलं होतं, पण मला नाही, काकूला. आत्या माझ्याशी बोलायची, पण डोळ्याला डोळा द्यायची नाही.

मग एका दुपारी मी अंगणात लडी झटकत होते आणि काका येऊन दगडावर बसले. बराच वेळ नखं खरवडत राहिले. मग म्हणाले, "तू सांगितलंस ते मला नवं नव्हतं." मी थांबले. "जन्माचं असतंय हे ठावं नव्हतं. पर दादाला रंग कळत न्हाय, हे मला ठावं होतं. मी तेव्हा दिगूएवढा. दादा रोज हळूच मला इचारायचा, बारक्या, ही कुटली रं? मी सांगायचो, तो बांधायचा. आमी दोघंच जानत होतो." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसा. "त्या साली मला गड्ड्याच्या जत्रंला न्यायचं कबूल केलं, आन् दोस्तांबरुबर एकलाच गेला. मला लई राग आला. दुसऱ्या दिवशी त्यानं इचारलं, तर मी समद्या उलट्या सांगितल्या. वाटलं, शिव्या खाईल, संपलं. आबांनी त्याला बाहीरच काढला. दादा माझ्याकडं बघत हुता. त्यानं माझं नाव घेतलं न्हाय, आन् मी बी बोललो न्हाय. मग बोलायचं ऱ्हाऊनच गेलं." ते उठले. जाता जाता म्हणाले, "ते पोरगं लड नाकाला लावतंय न्हवं, तवा मला दादा दिसतोय. मग माझा हात ऱ्हात न्हाय."

राग यायला हवा होता, आणि आलाही असेल, पण तो कुठं ठेवायचा ते मला माहीत नव्हतं. माझ्या हातात त्यांच्याच लडी होत्या. त्यांनी मला तीन वेळा भूक लागली का म्हणून विचारलं होतं, त्यातलं किती माझ्यासाठी होतं आणि किती त्यांच्या दादासाठी, हे मला तेव्हाही मोजता आलं नाही, आजही येत नाही. संध्याकाळी मी त्यांचं पान वाढलं. त्यांनी भाकरी मोडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाईंकडून कागद आणि पेन मागून घेतलं आणि आईला पत्र लिहायला बसले. आई वाचू शकत नव्हती. पोस्टमास्तर ओट्यावर बसून मोठ्यानं वाचणार, मामाच्या गल्लीतले चार लोक ऐकणार. मी लिहिलं की बाबांना मेंदी आणि विटकरी एकच दिसायचे, ते जन्माचं असतं, आजीकडून आलं होतं, आणि बाबांनी कुणाचे पैसे खाल्ले नव्हते. म्हणूनच ते बोरं मला विचारायचे, हेही लिहिलं. मग लिहिलं, "यात कुणाची चूक नव्हती." हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं. खाली काकांच्या खोकण्याचा आवाज येत होता. खोडायला जागा होती, शाई होती, आणि बाई तोवर बाहेर गेल्यामुळं घाईही नव्हती. मी पत्राला घडी घातली आणि तसंच टाकलं. आईला ते वाक्य फार आवडलं, असं मामानं पुढं सांगितलं. तिनं ते पोस्टमास्तरला दोनदा वाचायला लावलं. ती गेली तेव्हा तिचा त्यावर पूर्ण विश्वास होता. काकाही आता नाहीत. खरं काय ते आज पहिल्यांदा लिहिते आहे.